अंडी फुटतात, मग पिल्लं कुठे जातात?
रंगीत माशांच्या पिल्लांचे पहिले दहा दिवस



शोभेच्या माशांचं काम सुरू करू म्हणणाऱ्या गटांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मासे आमच्याकडे अंडी देतील का? देतात. गोल्डफिशची एक चांगली पोसलेली मादी एका सकाळी काहीशे अंडी टाकते, कधी हजाराच्या वर. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात, टबाच्या कडेला काचेच्या बारीक काड्यांसारखी पिल्लं चिकटलेली दिसतात, आणि सगळ्या जणी खूश होतात. आठव्या-दहाव्या दिवशी त्याच टबात दहा-वीस पिल्लं उरतात. "पाणी लागलं नाही", "नजर लागली", असं काहीबाही बोललं जातं, आणि गटाचे पैसे गेले म्हणून पुढच्या बैठकीत कुरबुर होते.

पिल्लं बहुतेक वेळा दोनच कारणांनी जातात. एक तर ती उपाशी मरतात, कारण त्यांच्या तोंडात मावेल असं खाणं आपण आधी तयार ठेवलेलं नसतं. नाही तर उपाशी राहू नयेत म्हणून आपण भरमसाठ टाकलेलं खाणं सडतं आणि त्या पाण्यात ती गुदमरतात. म्हणून या लेखात अंडी कशी मिळवायची हे थोडक्यात, आणि पिल्लं कशी जगवायची हे सविस्तर लिहिलं आहे.

पिल्लं वाढवणं आपल्या मुलखाला नवं नाही. गाढवी नदीवर इटियाडोह धरण झालं, तिथे मत्स्यबीज केंद्रही आहे. रोहू, कतला, मृगळ यांचं बीज काय असतं, हे अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या ढीवर घरांना सांगायची गरज नाही. जिरे, बीज, बोटुकली हे शब्द तिथे रोजच्या बोलण्यातले. पूर्वी हे बीज नदीतून गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घेतली, आणि तिथून देशभर बीज केंद्रं उभी राहू शकली. म्हणूनच १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिवस म्हणून पाळतात.

गोल्डफिश हा या रोहू-कतलाच्याच कुळातला. पण अंड्यांत फरक आहे. रोहूची अंडी सुटी असतात, फिरत्या पाण्यात ठेवावी लागतात आणि १४ ते १८ तासांत फुटतात. गोल्डफिशची अंडी चिकट असतात. ती पानाला, मुळाला, दोरीला चिकटून बसतात आणि पाण्याच्या उबेप्रमाणे दोन ते चार दिवस घेतात. म्हणजे आपल्याला बीज केंद्रासारखी गोल टाकी बांधायची गरज नाही. सावलीतला एक टब पुरतो.

दुसरा फरक आई-बापाचा. बोडीत मरळीच्या लालसर पिल्लांचा गोळा वर येताना तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिला असेल. खाली मोठी मरळ राखण करत असते. गोल्डफिशला ही माया नाही. अंडी टाकून झाली की नर-मादी दोघंही तीच अंडी खायला लागतात. फायटर माशाचा नर तोंडाने फेसाचं घरटं करून अंडी राखतो, पण मादी तिथे राहिली तर तो तिला मारतो. एंजल मासे जोडीने पानावर अंडी घालून पंखांनी वारा घालतात. ज्याची जशी रीत, तशी आपली सोय. पहिल्या वर्षी गोल्डफिशच घ्या, हे आमचं मत. ज्यांना एवढंही नको, त्यांनी गप्पी आणि मोलीपासून सुरुवात करावी. ते अंडी न घालता सरळ पिल्लंच देतात, आणि ती पिल्लं पहिल्या दिवसापासून बारीक पूड खातात.

कधी सुरू करायचं?

हे पाण्याइतकंच आपल्या कामावर ठरतं. पिल्लांना पहिले दहा दिवस दिवसातून चार वेळा खाऊ घालावं लागतं. रोवणीच्या दिवसांत सकाळी सहाला बांधीत उतरणारी बाई हे करू शकत नाही, आणि तिने करावं अशी अपेक्षाही ठेवू नये. मार्चच्या मध्यापासून मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीच्या आगेमागे धान कापणी. उरतो तो फेब्रुवारी आणि मार्चची सुरुवात. योगायोगाने गोल्डफिशलाही हेच दिवस मानवतात. थंडी ओसरते, पाणी २० ते २६ अंशांच्या आसपास येतं आणि मासे अंड्यावर येतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा अंडी घेण्याच्या भानगडीत पडू नये, असलेले मासे सावलीत आणि तट्ट्याखाली सांभाळले तरी खूप झालं.

गटात पाच जणी असतील तर पाळ्या लावा. एकीने सकाळ, एकीने दुपार. "ज्याच्या घरी टब, त्याचंच काम" असं ठरवलं की आठवड्यात भांडण होतं.

आधी खाणं, मग अंडी

धानाच्या पऱ्ह्याला जागा, खत, पाणी आधी तयार करतो आणि मग बी टाकतो. इथेही तसंच. नर-मादी एकत्र सोडण्याच्या चार-पाच दिवस आधी पिल्लांचं खाणं लावायला घ्या. कारण अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले दोन दिवस पोटाशी असलेल्या बलकावर जगतं. तो संपला आणि ते पोहायला लागलं की त्याच दिवशी त्याला खायला हवं. त्याचं तोंड इतकं लहान असतं की आपल्याला बारीक वाटणारी पूडसुद्धा त्याच्यासाठी धोंडा असते.

पहिलं खाणं म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्मजीव. ते तणसातून घरीच तयार होतात. ज्या धानावर अलीकडे औषध मारलेलं नाही, त्याची मूठभर तणस घ्या, लिटर-दीड लिटर पाण्यात उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. काचेच्या बरणीत ओतून त्यात बोडीचं कपभर पाणी फडक्यातून गाळून घाला. तोंडाला पातळ कापड बांधा आणि उन्हाची तिरीप न येणाऱ्या, पण उजेडाच्या जागी ठेवा. दोन दिवसांत पाणी गढूळ होईल, वासही येईल. फेकू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी निवळायला लागतं आणि उजेडात धरल्यावर धुळीसारखं काहीतरी हलताना दिसतं. तेव्हा खाणं तयार झालं. दर दोन दिवसांनी एक नवी बरणी लावत गेलात तर खंड पडत नाही. तणस नसेल तर केळीची साल किंवा कोबीचं पानही चालतं.

दुसरं खाणं पाणपिसवांचं. बोडीच्या कडेला सकाळी लवकर, पाण्यात लालसर ढगासारखे उड्या मारणारे जीव दिसतात तेच. वेगळ्या टबात हिरवं पाणी करून त्या वाढवता येतात. थोडं शेणपाणी आणि चिमूट-चिमूट सरकी किंवा शेंगदाण्याच्या पेंडीचं पाणी घातलं की पाणी हिरवं होतं. मात्र बोडीतून आणताना चतुराची अळी, पाणढेकूण असले प्राणी सोबत येतात, आणि चतुराची एक अळी एका रात्रीत पिल्लांचा फडशा पाडते. म्हणून आणलेलं पाणी पांढऱ्या ताटात ओतून, निवडून, गाळूनच वापरा. तांदूळ निवडतो तसं.

तिसरं, विकतचं: आर्टेमिया. ही खाऱ्या पाण्यातल्या जिवाची सुकी अंडी डब्यात मिळतात. लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ (अंदाजाने नको, काट्यावर मोजून), त्यात अर्धा लहान चमचा अंडी, पंपाची जोरात हवा आणि उजेड. २४ ते ३६ तासांत नारिंगी पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं ठेवलं की टरफलं वर तरंगतात आणि जिवंत पिल्लं खाली उजेडाकडे जमतात. नळीने खालचं पाणी कापडावर काढा, गोड्या पाण्याने धुवा आणि मगच माशांना द्या. टरफलं जाऊ देऊ नका, ती पिल्लांच्या पोटात अडकतात. डबा महाग पडतो. एका गटाने अख्खा घेण्यापेक्षा प्रभाग संघाने घेऊन चार गटांत वाटणं शहाणपणाचं. उघडलेला डबा घट्ट बंद, कोरडा आणि थंड ठेवला नाही तर अंडी निघत नाहीत आणि पैसे पाण्यात जातात.

अंड्यांचे दिवस

वर्षभराचे झालेले मासे घ्या. नराच्या गालफडावर आणि पुढच्या पंखांवर या दिवसांत पांढरे बारीक दाणे येतात, मादीचं पोट गोल आणि मऊ लागतं. एका मादीमागे दोन नर ठेवा. संध्याकाळी त्यांना स्वच्छ पाण्याच्या टबात सोडा आणि सोबत नायलॉनच्या दोरीचे पिंजून उकळलेले झुपके टाका. जलपर्णीची मुळं धुवून टाकली तरी चालतात, पण त्यासोबत गोगलगाई आणि किडे येतात, म्हणून आम्ही दोरीच सांगतो. सकाळी नर मादीच्या मागे जोरात पळतात, पाणी उडतं. दुपारपर्यंत झुपक्यांवर मोहरीहून लहान, काचेसारखे मणी दिसले की झुपके हलकेच उचलून दुसऱ्या टबात ठेवा.

हा दुसरा टब आदल्या दिवशीच भरून ठेवायचा असतो. नळयोजनेच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. ती आपल्या आरोग्यासाठी असली तरी पिल्लांसाठी विष आहे. पाणी २४ तास उघड्यावर ठेवून, अधूनमधून ढवळून मगच वापरा. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात टीसीएल नसली तरी हवा कमी असते. तेही एक रात्र ठेवून वरून ओतून-ओतून खेळतं करावं. पाण्याची उंची वीत-दीड वीत पुरे. खोल टबात नुकतीच पोहू लागलेली पिल्लं वर येऊन हवा घेऊ शकत नाहीत.

एका दिवसानंतर काही अंडी दुधासारखी पांढरी पडतात. ती फळलेली नसतात. त्यांच्यावर कापसासारखी बुरशी येते आणि शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. ड्रॉपरने पांढरी अंडी उचलून टाका. रंगीत माशांच्या दुकानात मिथिलीन ब्ल्यूची बाटली मिळते. पाणी फिकट आकाशी दिसेल आणि टबाचा तळ स्पष्ट दिसेल इतकेच थेंब टाका. पिल्लं पोहायला लागली की अर्धं-अर्धं पाणी बदलून तो रंग उतरवायचा. हे औषध फक्त शोभेच्या माशांसाठी आहे. खायच्या माशांच्या टाकीत ते टाकू नका. आणि मॅलाकाईट ग्रीन कुणी देऊ केलं तर घेऊच नका. ते माणसालाही घातक आहे.

टबाला मच्छरदाणीचं कापड किंवा जुनी पातळ साडी घट्ट बांधा. चतुर पाण्यात अंडी घालत नाही, बेडूक येत नाही, मांजराचा पंजा पडत नाही, आणि डेंगीच्या डासांनाही आपण जागा देत नाही. आशाताई तपासणीला आल्या तर त्यांना उघडून दाखवा.

दहा दिवस

अंडी फुटल्यावर पहिले दोन दिवस काहीही खायला टाकू नका. पिल्लं कडेला आणि झुपक्याला लटकलेली राहतात. ती मेली असं समजून पाणी ढवळू नका. तिसऱ्या दिवशी ती आडवी पोहायला लागतात. त्या दिवसापासून बरणीतलं पाणी कपभर सकाळी, कपभर दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी द्या.

उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याची पद्धत सगळीकडे सांगतात. ती खरी आहे, पण सगळ्यात जास्त टब याच बलकाने बुडतात. वाटाण्याएवढा बलक मलमलच्या फडक्यात बांधून पाण्यात हलवा, धूर सुटल्यासारखा निघेल, तेवढाच. तासाभराने तळाशी काही बसलं असेल तर हवेच्या बारीक नळीने ओढून काढा. नळीच्या तोंडाला कापड बांधलं तर पिल्लं ओढली जात नाहीत. रोज चौथा हिस्सा पाणी काढा आणि तितकंच मुरलेलं, त्याच उबेचं पाणी हळू घाला. बाहेरच्या थंड गुंडातलं पाणी एकदम ओतलं तर पिल्लांना झटका बसतो.

पाचव्या दिवसापासून आर्टेमिया किंवा गाळलेल्या बारीक पाणपिसवा सुरू करा. आर्टेमिया दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पिल्लाकडे बघा. पोट नारिंगी दिसलं म्हणजे ते जेवलं. बाजूच्या पिल्लाचं पोट पांढरं राहिलं असेल तर त्याला मिळालं नाही, टबात गर्दी जास्त झाली. शंभर लिटरच्या टबात सुरुवातीला दोन-तीनशे पिल्लं पुरेत. हजार अंडी फुटली म्हणून हजार पिल्लं एकाच टबात ठेवायचा मोह होतो, आणि मग हजारही जात नाहीत, शंभरही उरत नाहीत. आपल्याकडे दोनच टब असतील तर दोन टबांपुरतीच अंडी ठेवा.

वीज जाणं हा आपल्याकडचा रोजचा विषय. पंप बंद पडला की दाट टबातली पिल्लं अर्ध्या-एक तासात वर येऊन तोंड उघडू लागतात. पसरट टब आणि कमी पिल्लं ठेवली असतील तर रात्रही निभते. नसेल तर मग घेऊन टबाच्या कडेने पाणी काढून हळूच परत सोडत राहायचं, दर वीस मिनिटांनी. वीज असतानाही पिल्लं वर येऊन धापा टाकत असतील तर समजा खाणं सडलंय. त्या दिवशी खाणं बंद, तळ साफ, तिसरा हिस्सा पाणी बदल. औषध शोधत बसू नका.

दोन आठवडे निघाले की काम हलकं होतं. शेंगदाण्याची पेंड, तांदळाचा कोंडा आणि सुक्या मासोळीची पूड सारखी घेऊन, वस्त्रगाळ करून देता येते. दर पंधरा दिवसांनी मोठी-लहान वेगळी करा. मोठं पिल्लू लहानाचं खाणं पळवतं आणि कधीकधी लहानालाच गिळतं. वाकडी, अधू पिल्लंही याच वेळी वेगळी करा.

एक गोष्ट हिशेबात धरायला गट विसरतात. गोल्डफिशचं पिल्लू सुरुवातीला मातकट रंगाचं असतं. केशरी रंग चढायला दोन-तीन महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. दुकानदार मातकट मासा घेत नाही. म्हणजे फेब्रुवारीत अंडी घेतली तर ऐन मे महिन्यात तुम्ही मासे सांभाळत असाल. सावली आणि पाणी दोन्ही तेव्हा असेल का, हे अंडी घेण्याआधी बघा. गोंदिया, भंडारा, नागपूरच्या दुकानात आधी जाऊन कोणता मासा, केवढा, किती लागतो हे विचारून या. देताना मासे एक दिवस उपाशी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से ऑक्सिजन भरून पहाटे निघा.

तलावात एकही मासा नाही

उरलेली, अधू, न विकली गेलेली पिल्लं "सोडून देऊ बोडीत, जगतील बिचारी" असं म्हणून सोडायची नाहीत. ही दया महागात पडते. टाकीची काच चाटून साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा असाच कुणीतरी सोडला आणि आंध्रातल्या आणि कोलकात्याच्या तलावांत इतका वाढला की जाळ्यात रोहूऐवजी तोच येतो, काट्यांनी जाळी फाडतो आणि बाजारात त्याला भाव नाही. आपले मामा तलाव, बोड्या, नवेगावबांध, इटियाडोहचं पाणी, यावर ढीवर समाजाची कितीतरी घरं चालतात. गोल्डफिशसुद्धा तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि आपला रोग दुसऱ्या माशांना देतो. टब धुतलेलं पाणीही नाल्यात न सोडता परसबागेत टाका, झाडांना ते खत आहे. सकर मासा गटाने ठेवूच नये, असा नियम प्रभाग संघाच्या बैठकीत घ्यायला हरकत नाही.

अनुदानाबद्दल

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभेच्या मत्स्यपालनासाठी ३ लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरला होता आणि महिलांना त्यावर ६० टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, म्हणजे १ लाख ८० हजार. यंदा अर्ज घेणं सुरू आहे का, पैसे काम झाल्यावर मिळणार की टप्प्याने, तोवरचा खर्च गटाने कुठून करायचा, जागेचा कोणता कागद लागेल, हे गोंदियाच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारा. आधी दोन टबांवर एक फेरी करून बघा. अंडी किती, फुटली किती, दहाव्या दिवशी उरली किती, हे तीन आकडे वहीत लिहा आणि ती वही अर्जासोबत घेऊन जा.